पोटातलं पाणी

आमच्या घरी एक पाय हाये, तो चाळीस वर्षांत कधी थांबला नाही. डावा. जेवताना, टीव्हीपुढं, पेपर वाचताना, अगदी कुणाच्या तेरवीले खुर्चीवर बसले असताना सुद्धा तो खाली जाते, अर्धा वर येते, थोडा थांबते, अन् मग हळूच पूर्ण वर येते. नवीन माणसाले वाटते, बिचाऱ्याले काही नसेचा आजार असन. कायचा आजार. क्लच हाये तो.

पायाचे मालक म्हणजे कृष्णकांत ढोबळे, माझे मिस्टर. वय सहासष्ट. एकतीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यात ड्रायव्हर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाले, पण पायाले कोणी रिटायरमेंटचं पत्र दिलं नाही. मी शोभा. नागपुरात झिंगाबाई टाकळीले आमचं छोटं घर हाये, पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. दिवसभर एका कोपऱ्यात माझी मशीन अन् दुसऱ्या कोपऱ्यात यायचा, म्हणजे मिस्टरांचा, पाय. "थांबवा जी तो पाय, माझं काज वाकडं होऊन राहिलं," असं मी रोज म्हणते. हे "हाव" म्हणतात अन् दोन मिनिटांनी पुन्हा सुरू.

ड्रायव्हर म्हणजे साधासुधा ड्रायव्हर नाही, हे मले कबूल करावंच लागते. लसीच्या काचेच्या शिश्या बर्फाच्या डब्यात घालून यायनं नरखेड, काटोल, पारशिवनी, रामटेक असा सगळा जिल्हा पालथा घातला, तोही रस्ते नावालेच होते तेव्हा. एक शिशी फुटली नाही. अडलेल्या बाया दवाखान्यात आणल्या, एकही गाडीत बाळंत झाली नाही. एका डॉक्टरीणबाईनं एकदा उतरता उतरता म्हटलं, "ढोबळे, तुमच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही." झालं. त्या बाईले वाटलं असन आपण सहज बोललो. यायनं ते वाक्य उरी धरलं. तेव्हापासून गाडी कुठंही थांबली की चावी फिरवायच्या आधी मान मागं वळवायची अन् विचारायचं, "हललं का?"

मी आपली खरं बोलणारी बाई. "हललं जी, आतडे गळ्यात आले," म्हणून सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी नेलं तेव्हाही सांगितलं होतं. पण माझं बोलणं हे कधी जमेसच धरत नाहीत. रिटायर झाले तेव्हा खात्यानं विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र दिलं, ते हॉलमध्ये गणपतीच्या फोटोच्या वर टांगलं. मी म्हटलं, निदान देवाच्या खाली तरी टांगा. तर म्हणे, देवानं कुठं गाडी चालवली.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क यायच्या लेखी एकाच बाईले. यमुताईले. यमुताई म्हणजे यायची मोठी बहीण, शहात्तर वर्षांची, राहते सावनेरले, आमच्यापासून तासाभरावर. सासू गेली तेव्हा हे तीन वर्षांचे होते अन् यमुताई तेरा वर्षांची. तिनं यायले कडेवर घेऊन शाळा केली, पाटी एका हातात अन् भाऊ दुसऱ्या. पुढं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. अंगणवाडीत नोकरी करून तिनं सावनेरले स्वतःचं घर बांधलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. आता मंगळवार अन् शुक्रवार डायलिसिस, नागपूरले धंतोलीत. मी म्हटलं, ताई, आमच्याकडंच राहा. त म्हणे, "मी पाहुणी म्हणून नाही मरत वं, शोभा."

म्हणून हे आठवड्यातून दोनदा सकाळी सावनेरले जातात, तिले आणतात, चार तास दवाखान्यात बसतात, अन् पुन्हा नेऊन सोडतात. मी सोबत असतेच. यमुताई मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडते. गाडी थांबली की यायची मान वळते. "हललं का, बाई?" अन् ती डोळे न उघडता म्हणते, "नाही गा." कधी परत येताना गंमत करते, "मशीननं तीन लिटर काढून घेतलं, आता हलायले राहिलं काय?" यायच्या तोंडावर तेव्हा जे समाधान दिसते ते मले लग्नात सुद्धा दिसलं नव्हतं.

एकदा यायले ताप होता, तर भाड्याची गाडी करून दिली. तो माणूस गतिरोधकावरूनही साठनं नेत होता. यमुताईले रस्त्यात चारदा उलट्या झाल्या. घरी पोहोचली अन् तिनं जाहीर केलं, आता मी जात नाही. कोणाचं ऐकलं नाही. तीन खेपा चुकल्या, पाय सुजले, श्वास लागला, शेवटी हेच तापातून उठून गेले तेव्हा गाडीत बसली. डॉक्टर आमच्यावरच खेकसला, म्हणे अजून दोन दिवस उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. तेव्हापासून तिचा नियम पक्का. "किसना नेईन त जाईन. नाही त मले माह्या घरी राहू द्या." म्हणजे आमच्याकडं सगळं या एका माणसाच्या दोन पायांवर उभं. हे लक्षात ठेवा, कारण त्यातला एक पाय पुढं आपल्यावरच उलटला.

एप्रिलच्या शेवटी आमची जुनी गाडी पाटणसावंगीच्या पुढं बंद पडली. सतरा वर्षांची गाडी, तिची तरी काय चूक. दुपारी दोनचं ऊन, बोनेटमधून वाफ, अन् डायलिसिस करून आलेली यमुताई बाभळीखाली दीड तास ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसली. मी हे जितूले फोनवर सांगितलं. जितू म्हणजे आमचा जितेंद्र, पुण्याले कंपनीत हाये. हे म्हणे काहून सांगितलं? काहून नाही सांगू, मले काय तोंड शिवून ठेवायचं हाये का? जितू त्याच आठवड्यात आला, बापाले न विचारता सदरच्या शोरूममध्ये गेला अन् गाडी बुक करून आला. हायब्रीड.

"हायब्रीड त जवारी असते," हे म्हणाले.

जितूनं समजावलं. बाबा, यात इंजिनही हाये अन् बॅटरीही हाये. हळू चालली की बॅटरीवर चालते, पळाली की पेट्रोलवर. चार्जिंगले लावायची गरज नाही, चालता चालता आपोआप चार्ज होते. पेट्रोल अर्धं लागते. एसी थंडगार, आत्याले त्रास नाही. अन् गिअर नाही, क्लच नाही, तुमच्या गुडघ्याले आराम. यायनं सगळं ऐकलं अन् फक्त शेवटचं धरलं. "क्लच नाही?"

यमुताईले फोनवर सांगितलं तर ती वेगळ्याच वाटेनं गेली. "हायब्रीडची भाकर कधी गोड लागली का गा? पीक भरपूर येते, पण गूळ घेतल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. पाह्य बापा."

पंधरा दिवसांत गाडी आली. जुनी गाडी शोरूममध्येच द्यायची होती. हे तिच्यात शेवटचे बसले, बराच वेळ बाहेर येईनात. मी वाकून पाहिलं तर गिअरच्या दांड्यावरचा गोळा फिरवून काढून राहिले होते. तो खिशात घातला अन् उतरले. नवीन गाडी समजावून सांगायले शोरूममधली एक पोट्टी होती, मिनल नाव तिचं. चांगली गोड बोलणारी. बटण दाखवलं, ब्रेक दाखवला, अन् हसून म्हणाली, "काका, डाव्या पायाला आता काही काम नाही."

घरी आल्यावर हे म्हणाले, "अर्धा माणूसच रिटायर केला वं तिनं."

मी म्हटलं, "माझ्या मशीनले मोटर लावली तेव्हा माझेही पाय सहा महिने हवेत चालत होते. झाली की नाही सवय?" 

"तुह्या मशीनीत माणूस बसते का?" हे म्हणाले. मी चहा ठेवायले गेली.

आता खरी गोष्ट ऐका. ही गाडी सिग्नलवर थांबली की इंजिन बंद होते, आपोआप. आवाजच नाही. ज्या माणसानं आयुष्यभर कानानं गाडी चालवली, गिअर कधी टाकायचा हे इंजिनच्या सुरावरून ठरवलं, त्याले वाटणार काय? गाडी बंद पडली. मानकापूरच्या चौकात लाल दिवा, गाडी गप्प, यायच्या कपाळावर घाम, अन् हात गेला बटणावर. चालू करायले दाबलं. गाडी चालूच होती, म्हणून खरंच बंद झाली. तेवढ्यात हिरवा दिवा. मागून सगळा कल्ला. एक टेंपोवाला बाजूनं जाता जाता बोलला, "काका, नयी गाडी है तो घर पे पूजा करो ना." यायले एकतीस वर्षांत कोणी हॉर्न मारला नव्हता. असं एकदा नाही, आठ दिवसांत पाच वेळा झालं.

अन् पाय. पाय तर ऐकतच नव्हता. क्लच होता त्या जागेवर आता काही नाही, पण ब्रेक रुंद हाये, डावीकडं सरकलेला. वेग कमी करायची वेळ आली की डावा पाय जुन्या सवयीनं जोरात खाली जाये, अन् जाये तो ब्रेकवर. क्लच दाबायले जेवढा जोर लागते तेवढ्या जोरानं ब्रेक दाबला तर काय होईन? गाडी जागच्या जागी गाडल्यासारखी उभी. मी दोनदा पुढच्या सीटवर नाक आपटून घेतलं.

यायनं प्रॅक्टिस सुरू केली. पहाटे पाचले उठून रिंग रोडवर जायचं, एकटंच. घरी आले की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पायाले समजावायचं. खरंच, बोलायचे त्याच्याशी, "तू गप बस, तुले काही काम नाही." शेजारचे महादेवराव रोज फाटकाशी उभे राहून विचारायचे, काय ॲव्हरेज देते? हे म्हणायचे, अठ्ठावीस. अन् आत येऊन मले म्हणायचे, "गाडी अठ्ठावीस देते वं, मी किती देतो ते कोणी विचारत नाही." दिवसभर घरात येरझारा. भाजीत मीठ जास्त, पंखा हळू, पडदा वाकडा, सगळ्यात खोट. मले असं झालं होतं की याच्यापेक्षा जुनी गाडी रोज बंद पडलेली बरी.

सावनेरच्या खेपा चालूच होत्या. हे चाळीसच्या वर जात नव्हते. धंतोलीले पोहोचल्यावर यायनं मान वळवली, "हललं का?"

"नाही गा," यमुताई म्हणाली.

"खोटं बोलून राहिली तू. दोनदा तुह्यं मुंडकं पुढं आलं, मी आरशात पाहिलं."

"ऐकायचं नसन त विचारत नको जाऊ," ती म्हणाली अन् माझा हात धरून उतरली.

मग जूनमधला तो शुक्रवार. आम्ही तिले घेऊन येत होतो. कोराडी रोडवर, मानकापूर यायच्या अलीकडं, एक स्कूटरवाली डावीकडून एकदम पुढं घुसली. यायनं उजव्या पायानं बरोब्बर हळू ब्रेक लावला होता, शपथेवर सांगते. पण डावाही गेला. पूर्ण ताकदीनं. गाडी थांबली, मागून ई-रिक्षा येऊन धडकली, अन् यमुताई माझ्या मांडीवरून सरकून पुढच्या सीटवर आदळली. डाव्या हातावर.

तो हात म्हणजे काय ते सांगते. त्या हातात डॉक्टरनं दोन नसा एकमेकींले जोडून ठेवल्या हायेत, डायलिसिसच्या सुया तिथंच टोचतात. वरून बोटं ठेवली की आत थरथर लागते, माझी मोटर चालू असली की टेबल कसा थरथरते, तशी. ती थरथर थांबली म्हणजे हात कामातून गेला, अन् मग मानेत नळी, पुन्हा ऑपरेशन, आणखी काय काय. यमुताई रोज सकाळी दात घासायच्या आधी उजवा हात त्या हातावर ठेवून पाहते. आता त्या जागेवर निळं होऊन सुजून आलं.

दवाखान्यात हर्षा नावाची नर्स हाये. तिनं बोटं ठेवली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो. तिनं बोटं थोडी सरकवली, पुन्हा ठेवली, डोळे मिटले. मले वाटलं आता ही काही बोलूच नये. 

"चालू आहे, काकू," ती म्हणाली.

हे बाहेर निघून गेले. त्या दिवशी परत जाताना वीसच्या वेगानं गाडी नेली, सावनेरले थांबवली, अन् मान वळवली नाही. विचारलं नाही. यमुताई थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग उतरली.

घरी आल्यावर यायनं किल्ली माझ्या मशीनवर ठेवली. "जितूले सांगजो, ड्रायव्हर पाह्य म्हणा." स्टुलावर चढून प्रमाणपत्र काढलं अन् कपाटावर पालथं टाकलं. मग खुर्चीवर बसले. 

अन् पाय थांबला. 

मी ब्लाउजची बाही लावून राहिली होती, मले आधी समजलंच नाही की खोलीत काय कमी झालं. मग पाहिलं. डावा पाय फरशीवर नुसता पडून होता, कोणाचा तरी विसरून राहिलेला असावा तसा. चाळीस वर्षं मी त्या पायाले शिव्या दिल्या. आता थांबला तर माझी बाही उलटी लागली. शनिवार गेला, रविवार गेला, पाय हलला नाही. आता येरझारा मी घालून राहिली होती. जेवायले वाढलं तेवढं हे मुकाट्यानं खायचे, मीठ नसलं तरी.

जितूनं फोनाफोनी करून ड्रायव्हर लावला. सुशील नाव, सभ्य पोरगा, हळू चालवणारा. मंगळवारी तो आमची गाडी घेऊन सावनेरले गेला. दोन तासांनी रिकामा वापस आला. 

"आजींनी चहा दिला, पोहे दिले," तो म्हणाला. "अन् म्हणाल्या, जा बाळा."

मी फोन लावला. यमुताई म्हणाली, "पोरगा चांगला हाये वं. पण मी नाही जात."

"ताई, हट्ट करू नका. मागच्या वेळी काय झालं होतं आठवते ना?"

"हट्ट कायचा? शहात्तर झाले."

बुधवारी तिचे पाय सुजले. गुरुवारी फोनवर बोलताना तिले दम लागून राहिला होता, एका वाक्यात तीनदा थांबली. मी फोन ठेवला अन् यायच्या पुढं जाऊन उभी राहिली. मग जे काही तोंडाले आलं ते बोलली. म्हटलं, तुमचं प्रमाणपत्र घाला चुलीत. तिकडं तुमची बहीण पाण्यानं फुगून राहिली, अन् तुम्ही इथं भैताडासारखे पायाकडं पाहत बसले. तिनं तुम्हाले कडेवर वागवलं, तुमच्यानं एक ब्रेक सांभाळला जात नाही? माणूस असते की काय असते? मले रडू येऊन राहिलं होतं म्हणून मी आणखी जोरात बोलली.

यायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् मी नेलं अन् तिचा हात बंद पडला त?"

एवढंच. मले तेव्हा समजलं की हा माणूस रुसला नाही, घाबरला हाये. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मले येत नाही, मले फक्त भांडता येते.

शुक्रवारी सकाळी साडेसातले फाटक वाजलं. ऑटोतून यमुताई उतरून राहिली होती. एकटी. सावनेरहून एसटीनं आली, मग ऑटो केला. पायात पुरुषाच्या चपला, मोठ्या, काळ्या. मेलेल्या नवऱ्याच्या जपून ठेवल्या होत्या, सुजलेले पाय दुसऱ्या कशात मावत नव्हते म्हणून त्या घातल्या. फाटक धरून ती श्वास घ्यायले थांबली. हे बनियनवरच बाहेर धावले.

"सदरा घाल," ती म्हणाली. "अन् चल."

"बाई, सुशीलले बोलावतो, दहा मिनिटांत..."

"मी सुशीलकडं नाही आली."

ती गाडीपाशी गेली अन् मागचं नाही, पुढचं दार उघडून बसली. यायच्या बाजूले. मी पटकन किल्ली आणली, पर्स घेतली, मागं बसली. हे आले, बसले, अन् हात मांडीवर ठेवून नुसते पाहत राहिले.

"माह्यानं नाही होत, बाई. पाय ऐकत नाही."

"कोणता?"

"डावा."

"त्याची मांडी घाल."

"आँ?"

"पंगतीत बसते तशी. एका पायाची. बुडाखाली घे त्याले. रिकामा ठेवशील त तो उद्योग शोधनच." मग म्हणाली, "लहानपणी जेवताना पाय हलवत होता त मी तसंच बसवत होती तुले. विसरला?"

हे माझ्याकडं पाहायले लागले. मी म्हटलं, "माझ्याकडं काय पाहता, घाला मांडी." यायनं चप्पल काढली, सीट थोडी मागं घेतली, डावा पाय मुडपून खाली घेतला. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघा कटकन वाजला. बटण दाबलं. दिवे लागले, आवाज काही आला नाही. यायचा हात लगेच पुन्हा बटणाकडं जाऊन राहिला.

यमुताईनं तो हात मधेच धरला अन् आपल्या डाव्या हातावर ठेवला. निळ्या सुजेच्या थोडा वर.

"काही ऐकू येते का?"

"नाही."

"चालू हाये की बंद?"

यायनं बोटं तशीच ठेवली. बराच वेळ. "चालू हाये," म्हणाले.

"मग? आवाज नाही म्हणजे बंद, असं कोणी सांगितलं तुले? हात ठेवून पाहत जा." अन् तिनं तोच हात उचलून स्टिअरिंगच्या बाजूले डॅशबोर्डवर ठेवला.

निघालो. मानकापूरच्या चौकात लाल दिवा लागला, गाडी गप्प झाली. यायचा हात उचलला, बटणापर्यंत गेला, अन् तिथून वळून डॅशबोर्डवर पालथा पडला. तसाच ठेवला. हिरवा लागला, गाडी सरकली, कोणी हॉर्न मारला नाही. सदरपाशी एक मोटरसायकल आडवी आली. मी मागून पाहिलं, बुडाखालचा पाय असा उसळला की हे सीटवर अर्धा इंच वर झाले. पण पाय अडकलेला होता. उजव्यानं गाडी हळूच थांबवली. यमुताईनं समोर पाहत नुसतं "हं" केलं. 

धंतोलीले दवाखान्यापुढं गाडी लावली. मान वळवायची गरज नव्हती, ती बाजूलेच होती, तरी सवयीनं आधी मागं वळली अन् मग तिच्याकडं गेली.

"हललं का?"

"हललं," यमुताई म्हणाली.

यायचा चेहरा पडला.

"जुन्या गाडीतही हलेच," ती म्हणाली. मधे मधे श्वास घेत बोलत होती. "दर खेपेले हले. पाटणसावंगीपाशी त मी पदर तोंडात धरून ठेवत होती. परत जाताना जास्त."

मले आठवला तो पदर. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती तो तोंडावर घेत होती. मले वाटे उन्हासाठी घेते.

"मग नाही काहून म्हणे तू?" यायनं विचारलं. "दोन वर्षं?"

ती सीटबेल्ट सोडवायले लागली.

"अन् हलेच, त दुसऱ्या कोणासोबत काहून गेली नाही? तो सुशील माह्यापेक्षा चांगला चालवते. एवढा जीव धोक्यात घालून माह्याच गाडीत काहून?"

"त्या भाड्याच्या गाडीवाल्यानं मले इथं उतरवलं अन् दार लावून गेला," ती म्हणाली. "तू विचारत होता गा. म्हणून."

मी मागून म्हटलं, मी चाळीस वर्षं सांगून राहिली हलते म्हणून, माझं कधी ऐकलं नाही. दोघांपैकी कोणी माझ्याकडं पाहिलं नाही.

हे दार उघडून उतरले अन् पडता पडता वाचले. मुडपून ठेवलेल्या पायाले मुंग्या आल्या होत्या. लंगडत गाडीले वळसा घालून तिच्या दाराशी आले, तिचा उजवा हात धरला. ती त्या मोठ्या चपला फरफटत, हे डावा पाय ओढत, दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांकडं गेले. कोण कोणाले धरून राहिलं, ते मागून समजत नव्हतं.

किल्ली यायच्या खिशात गेली म्हणून गाडी टुंटुं करायले लागली. मी पुढं वाकून डॅशबोर्डवर हात ठेवला. बारीक थरथर लागली, चालूच राहिली होती. मी बटण दाबलं अन् त्यायच्या मागं गेली.